पुंजक्यांच्या आधी काय घडते?

हंटिंग्टनच्या आजाराने दगावलेल्या माणसाच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की चेतापेशींच्या केंद्रकांत दाट, गोलसर ठिपके दिसतात. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर प्लाक आणि आत गुंते सापडतात, पार्किन्सनमध्ये ल्युई पिंड. प्रथिन दर वेळी वेगळे, मेंदूचा भागही वेगळा. दृश्य मात्र तेच. घडी बिघडलेल्या प्रथिनाचे पुंजके, आणि त्याच भागात मरत गेलेल्या पेशी. पुंजक्यानेच पेशी मारली असे वाटणे अगदी साहजिक आहे. गेल्या तीसेक वर्षांतले पुष्कळसे संशोधन आणि औषधांवरचा बराचसा खर्च याच अनुमानावर उभा राहिला. ते तपासून पाहायची सर्वांत चांगली जागा म्हणजे घराण्यात चालत आलेले आजार. एरवीच्या अल्झायमरमध्ये सुरुवात नेमकी कुठे झाली हे कोणालाच सांगता येत नाही. वारशाच्या आजारात पहिले पाऊल ठाऊक असते: अमुक गुणसूत्रावरच्या अमुक जनुकातला अमुक बदल. तिथून पेशीच्या मृत्यूपर्यंतची वाट तेवढी शोधायची असते. ही वाट जसजशी उलगडत गेली तसतसे माझे एक मत पक्के होत गेले आहे. पुंजका हा या प्रक्रियेतला उशिराचा टप्पा आहे. निर्णायक घडामोड त्याच्या कितीतरी वर्षे आधी होऊन गेलेली असते. आणि आजवर ज्या उपचारांना ठोस यश आले, ते याच आधीच्या टप्प्यांवर नेम धरणारे होते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती तयार होता होताच वळते, दुमडते, आणि त्या घडीमुळेच तिला काम करता येते. घडी कशी पडावी याची माहिती साखळीतल्या क्रमातच असते, हे दाखवल्याबद्दल क्रिस्टियन अॅनफिन्सेन यांना १९७२ चे नोबेल मिळाले. पण परीक्षानळीतले द्रावण वेगळे आणि पेशीतली दाटी वेगळी. साखळीचे चिकट भाग उघडे पडून एकमेकांना धरू नयेत म्हणून पेशीत शॅपरोन नावाची मदतनीस प्रथिने असतात. हाताबाहेर गेलेल्या साखळ्या मोडीत काढायला प्रोटिएसोम आणि ऑटोफॅजी या यंत्रणा असतात. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर डॉब्सन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट पुढे आणली: परिस्थिती तशी निर्माण केली, तर कोणत्याही आजाराशी संबंध नसलेली प्रथिनेसुद्धा अमायलॉइडचे तंतू बनवतात. म्हणजे घडी बिघडणे ही पेशीतली रोजची बाब आहे. आजार होतो तो बिघाडाचा वेग निस्तरण्याच्या वेगाला मागे टाकतो तेव्हा. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे साचलेला कचरा दोन पेशींत वाटून टाकायची तिला सोय नाही. वय वाढते तशी सफाईही मंदावते. जन्मापासून असलेला दोष चाळिशीत का प्रकट होतो, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर हेच आहे. ते कुठे अपुरे पडते हे पुढे येईलच.

काही प्रथिनांची बिघडलेली घडी दुधाला विरजण लागावे तशी शेजारच्या निरोगी रेणूंना लागत जाते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये अशा प्रथिनाला प्रायॉन हे नाव दिले, तेव्हा जनुकद्रव्याशिवाय संसर्ग पसरतो हे मानायला बहुतेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रायॉनच्या जनुकातला एक बदल मुद्दाम जवळून पाहण्याजोगा आहे. साखळीतल्या १७८ व्या जागी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी अॅस्पॅरजिन आले, आणि जनुकाच्या त्याच प्रतीवर १२९ व्या जागी मेथिओनिन असले, तर माणसाची झोपच नाहीशी होते आणि थॅलॅमस झिजत जाऊन मृत्यू येतो. १७८ वरचा बदल तोच, पण १२९ वर व्हॅलिन असले, तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. एकाच दोषाची दोन वेगळी मरणे, आणि ती ठरतात पन्नासेक जागा पलीकडच्या एका अमिनो आम्लावरून. २०१७ पासून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टाऊ प्रथिनाच्या तंतूंची जी रचना उलगडली, तिनेही हेच सांगितले: प्रथिन तेच, तरी अल्झायमरमध्ये त्याची घडी एक आणि पिकच्या आजारात दुसरी. पुंजका आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या घडीतून आला हे महत्त्वाचे ठरते. प्रायॉनच्या बाबतीत सर्वांत निर्णायक प्रयोग मात्र घडीवर झालाच नाही. १९९३ मध्ये झुरिचच्या चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने प्रायॉनचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना संसर्ग देऊन पाहिला. उंदीर निरोगी राहिले. कच्चा मालच नसेल तर बिघडायला काही उरत नाही. स्वतः प्रायॉनच्या जनुकातल्या दोषाच्या वाहक असलेल्या सोनिया वल्लभ आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल हे आपापले आधीचे पेशे सोडून संशोधनात उतरले. ब्रॉड इन्स्टिट्यूटमधले त्यांचे सगळे काम याच तत्त्वावर चालले आहे: प्रथिनाची निर्मितीच कमी करायची.

हंटिंग्टनकडे वळू, कारण या प्रश्नाचा खरा कस तिथे लागला. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये लाँग आयलंडवरच्या घराण्यांतला हा आजार नोंदवला. वडील आणि आजोबा दोघेही तिथेच डॉक्टर, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणे त्यांच्या हाताशी होती. पुढे नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे जात राहिले. तिथल्या विशाल कुटुंबांची वंशावळ आणि रक्ताचे नमुने यांच्या आधारे १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली आणि १९९३ मध्ये जनुक. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ही आवर्तने छत्तीसच्या आत असली तर आजार होत नाही. ३६ ते ३९ मध्ये होईलच असे नाही. ४० आणि त्यापुढे पुरेसे आयुष्य लाभले तर चुकत नाही. प्रत्येक सीएजी म्हणजे प्रथिनात एक ग्लुटामिन. ग्लुटामिनच्या लांब साखळ्या एकमेकींना कशा धरून ठेवतील, हे मॅक्स पेरुट्झ यांनी रसायनशास्त्राच्या आधारे मांडले. १९९६ मध्ये गिलियन बेट्स यांनी हा जनुकखंड घातलेला उंदीर तयार केला, १९९७ मध्ये त्याच्या आणि मग माणसांच्या चेतापेशींत पुंजके दिसले. लांब साखळी, चिकटपणा, पुंजका, मृत्यू, अशी सरळ रेष आखली गेली. पुरावा खरोखरच भक्कम होता, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. त्या वेळच्या शास्त्रज्ञांना घाईचा दोष देणे अन्यायाचे होईल.

रेषेला मोठा तडा २००४ मध्ये गेला. स्टीव्हन फिंकबायनर यांच्या प्रयोगशाळेने यंत्रचलित सूक्ष्मदर्शक लावून एकेका चेतापेशीवर दिवसेंदिवस नजर ठेवली. कोणत्या पेशीत पुंजका कधी होतो आणि कोणती पेशी कधी मरते, याचा हिशेब मांडला. ज्या पेशींत पुंजका झाला त्या जास्त टिकल्या. पुंजका न होताच विखुरलेले प्रथिन साठलेल्या पेशी आधी मेल्या. पुंजका हा निदान काही पेशींसाठी तरी बचावाचा उपाय होता. पार्किन्सनच्या वारशातूनही अशीच अडचण पुढे आली. पार्किन जनुकातल्या दोषाने आजारी पडलेल्या बहुतेकांच्या मेंदूत ल्युई पिंड नसतातच, तरी डोपामिनच्या पेशी जातात. दुसऱ्या बाजूला, अमायलॉइड म्हणजे विष हे समीकरणही टिकले नाही: आपले शरीर कित्येक संप्रेरके अमायलॉइडच्या रूपातच साठवून ठेवते, हे २००९ मध्ये समीर माजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हेच माजी पुढे मुंबईच्या आयआयटीत आले. तिथल्या त्यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की पार्किन्सनमधले अल्फा-सायन्यूक्लिन तंतू होण्याआधी द्रवाच्या बारीक थेंबांच्या रूपात वेगळे होते, आणि ते थेंब काळाने घट्ट होत जातात. तंतूच्या आधीही बरेच काही घडते याचे हे स्पष्ट उदाहरण. अशा मधल्या, लहान, विरघळलेल्या रूपांवर आता बहुतेकांचा संशय आहे. तरीही एक सावधगिरी हवी. ही रूपे क्षणभंगुर, वेगळी काढायला कठीण, आणि प्रत्येक प्रयोगशाळेत थोडी निराळी. पुंजक्यावरचा आरोप काढून तो पुरेशा ओळखपरेडीशिवाय त्यांच्यावर टाकला, तर जुनीच चूक नव्या नावाने होईल.

हंटिंग्टनमध्ये कोड्याचा एक मोठा भाग सुटला तो प्रथिनाकडे पाहून नव्हे, डीएनएकडे पाहून. ग्लुटामिनसाठी पेशीच्या लिपीत दोन शब्द आहेत, सीएजी आणि सीएए. बहुतेक माणसांत सीएजीच्या ओळीच्या शेवटी एक सीएए असतो आणि त्यानंतर पुन्हा एक सीएजी. काही कुटुंबांत या सीएएचा सीएजी झालेला असतो. प्रथिनात कसलाच फरक पडत नाही. ग्लुटामिन तेवढीच, क्रम तोच. विषारीपणा जर ग्लुटामिनच्या लांबीतच असेल, तर आजार त्याच वयात सुरू व्हायला हवा. २०१९ मध्ये हजारो वाहकांच्या अभ्यासातून दिसले ते वेगळेच: सीएए हरवलेल्यांना आजार अपेक्षेपेक्षा बराच लवकर गाठतो. वय ठरवते ती डीएनएमधल्या अखंड सीएजीची लांबी. याच मालिकेतल्या २०१५ पासूनच्या अभ्यासांत आजाराचे वय पुढे-मागे करणारी जी इतर जनुके सापडली, ती प्रथिनांच्या सफाईची असतील असा अनेकांचा कयास होता. निघाली डीएनएच्या दुरुस्तीची: एफएएन१, एमएलएच१, एमएसएच३. दुरुस्ती करणारे रेणू सीएजीच्या ओळीत आलेला फुगवटा दुरुस्त करायला जातात आणि ओळ आणखी लांबवून ठेवतात. एफएएन१ त्याला आवर घालते. ही वाढ आयुष्यभर, पेशीगणिक स्वतंत्रपणे चालू राहते.

जानेवारी २०२५ मध्ये स्टीव्ह मॅकॅरोल यांच्या गटाने मेंदूच्या गाभ्यातल्या स्ट्रायटम या भागातल्या एकेका पेशीत सीएजीची लांबी आणि जनुकांचे कामकाज एकाच वेळी मोजून दाखवले. जन्मतः चाळीस-पंचेचाळीस असलेली ओळ सर्वाधिक झिजणाऱ्या पेशींत शंभर, दोनशे, पाचशेच्याही पुढे गेलेली होती. दीडशेच्या आसपासपर्यंत पेशीच्या कामकाजात नोंद घेण्याजोगा फरक दिसत नाही. त्यापलीकडे गेली की पेशी आपली ओळख गमावत जाते आणि मरते. लांबी आधी कित्येक दशके संथ वाढते आणि शेवटी भराभर. म्हणजे चाळिशीपर्यंत पेशी विष पचवत बसलेली नसते. तिच्यातले विष अजून तयारच व्हायचे असते. पाठ्यपुस्तकी उत्तर अपुरे पडते ते इथे. निष्कर्ष मृत्यूनंतरच्या मेंदूवरून काढलेला आहे आणि दीडशेच्या खाली काहीच बिघडत नाही हे सगळ्यांना मान्य नाही. मात्र उंदरांत एमएसएच३ नाहीसे केले की लांबी वाढायची थांबते आणि मेंदूतले बदलही मागे पडतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेला पुरावा एकाच जागी भेटतो, म्हणून मला तो वजनदार वाटतो.

मग प्रथिन निर्दोष का? तसे मुळीच नाही. दीडशे ग्लुटामिनचे प्रथिन पेशीला घातक असतेच, आणि सगळेच आजार हंटिंग्टनसारखे नसतात. ट्रान्सथायरेटिनच्या आजारात घडी बिघडणे हीच खरी कहाणी आहे. पोर्तुगालच्या कोरिनो आंद्रादे यांनी १९५२ मध्ये पोव्हुआ द व्हार्झिम भागातल्या कुटुंबांत पायांपासून वर चढत जाणारा हा चेताविकार वर्णिला. यकृतात तयार होणारे हे प्रथिन चार तुकडे जुळून काम करते. जुळणी सुटली की सुटा तुकडा घडी सोडतो आणि चेतातंतूंत, हृदयात अमायलॉइड साचते. काही कुटुंबांत दोषी जनुकासोबत दुसऱ्या प्रतीवर ११९ व्या जागी असा बदल सापडला, की ज्याने चारांची जुळणी अधिक घट्ट होते. त्या व्यक्तींना आजार सौम्य होतो किंवा होतच नाही. जेफ्री केली यांनी निसर्गाचा हाच डाव रसायनाने खेळला. जुळणी धरून ठेवणारे टाफामिडिस युरोपात २०११ मध्ये मान्य झाले. २०१८ मध्ये आले पॅटिसिरान, यकृतात प्रथिनाचा निरोपच कापून टाकणारे आणि आरएनए-हस्तक्षेपावर आधारलेले पहिले मान्यताप्राप्त औषध. त्याने अनेक रुग्णांचा चेताविकार थांबला, काहींचा सुधारला. यातले एकही औषध साचलेल्या अमायलॉइडला हात लावत नाही. हालचालींच्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या एएलएस या आजाराच्या एसओडी१ प्रकारातही तेच. तोफरसेन हे औषध प्रथिनाची निर्मिती कमी करते; पहिल्या अठ्ठावीस आठवड्यांत मुख्य कसोटीवर ते उतरले नाही, पण रक्तातले न्यूरोफिलामेंट, म्हणजे मरणाऱ्या चेतातंतूंची खूण, घटली. ज्यांना ते आधी सुरू झाले ते वर्षभराने बऱ्या स्थितीत होते. त्या आधारावर अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला सशर्त मान्यता मिळाली.

या मतावर दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला अल्झायमरचा. लेकानेमॅब हे प्रतिपिंड अमायलॉइडचे प्लाक काढते आणि ऱ्हास मंदावतो. मग पुंजका कारणीभूत नाही कसे? मंदावतो हे खरे आहे. अठरा महिन्यांत २७ टक्के. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा आहे. प्लाक जवळजवळ साफ होऊनही फरक एवढाच राहावा, यावरून प्लाकचा वाटा आहे पण तो लहान आहे, किंवा त्याची वेळ निघून गेलेली आहे, असेच म्हणावे लागते. कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतात प्रेसेनिलिन१ च्या दोषाने चाळिशीतच स्मृती हरवणारी मोठी कुटुंबे आहेत. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी ती हयातभर अभ्यासली. त्यातल्या एका स्त्रीच्या मेंदूत अमायलॉइड प्रचंड होते, तरी सत्तरी येईपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. तिच्याकडे एपीओई जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार दोन्ही प्रतींत होता, आणि टाऊचा प्रसार फार कमी होता. अमायलॉइड आणि ऱ्हास यांच्यामधली साखळी तोडता येते, हे तिच्या मेंदूने दाखवून दिले. उलट बाजूने, आइसलंडमधला एक जनुकीय बदल अमायलॉइडची निर्मितीच थोडी कमी करतो आणि म्हातारपणी संरक्षण देतो. साचलेले उपसण्यापेक्षा जन्मभर कमी तयार होणे अधिक परिणामकारक, याला यापेक्षा चांगला मानवी पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. प्रथिनाची निर्मिती कमी करणे हाच उपाय असेल, तर हंटिंग्टनमध्ये तोमिनरसेन का फसले? मेरुद्रवातले प्रथिन त्याने कमी केले होते, जगभरच्या कुटुंबांनी आशा बांधली होती; मार्च २०२१ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण वारंवार मात्रा मिळालेल्यांची स्थिती नकली औषध घेणाऱ्यांपेक्षाही वाईट दिसत होती. मी या अपयशाला सारवून घेणार नाही. ते औषध दोषी आणि निरोगी दोन्ही प्रथिने कमी करते. पाठीच्या कण्यातून दिलेले औषध खोलवरच्या स्ट्रायटमपर्यंत कमीच पोचते. आणि चाचणीतल्यांची लक्षणे आधीच सुरू झालेली होती. शिवाय सीएजीची वाढ त्याने थांबत नाही. मार्ग आधीच्या टप्प्याचा असला तरी जागा, वेळ आणि निवड चुकली तर तो फसतो, एवढे यातून निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्योर या कंपनीने थेट स्ट्रायटममध्ये सोडलेल्या जनुकीय उपचाराने तीन वर्षांत ऱ्हास ७५ टक्के मंदावल्याचे जाहीर केले. हा आकडा जास्त मात्रा मिळालेल्या आणि तीन वर्षे पूर्ण झालेल्या अवघ्या बारा रुग्णांचा आहे, आणि तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांशी केलेली आहे. आनंद मानावा, पण निकाल लागला असे समजू नये. एमएसएच३ ला आवरणाऱ्या औषधांवरही काम चालू आहे. तिथे डीएनए-दुरुस्तीतले हे घटक कर्करोगापासूनही संरक्षण देतात हे विसरून चालणार नाही.

आधीच्या टप्प्यावर उपचार करायचा म्हणजे निरोगी माणसावर करायचा, आणि इथे प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेर येतो. उपाय नसताना पंचविशीतल्या मुलीला तिची सीएजी संख्या सांगणे म्हणजे काय, हे या कुटुंबांना आपल्यापेक्षा चांगले कळते. चाचणी उपलब्ध होऊन तीन दशके झाली, तरी धोका असलेल्यांपैकी पाचातला एकही ती करून घेत नाही. आपल्याकडे तर विवाह, नोकरी, विमा यांची भीती तिच्या बरोबरीने उभी असते, आणि जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये यासाठी स्वतंत्र कायदा नाही. तरीही भारताकडे या क्षेत्रात देण्याजोगे बरेच आहे. एससीए१२ हा हातांच्या कंपापासून सुरू होणारा आजार जगात इतरत्र अगदी विरळ. भारतात तो मुख्यतः अगरवाल समाजातल्या कुटुंबांत आढळतो, आणि दिल्लीच्या आयजीआयबी व एम्समधल्या संशोधकांनी त्याचे मूळ एका समान पूर्वजापर्यंत नेले. यातही सीएजीच वाढतो, पण जनुकाच्या प्रथिन न लिहिणाऱ्या भागात. लांबलेला डीएनए आणि लांबलेले ग्लुटामिन यांचे परिणाम वेगळे करून पाहण्याची ही दुर्मीळ संधी आहे. बंगळुरूच्या निमहान्समध्ये हंटिंग्टन आणि अटॅक्सियाच्या कुटुंबांचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा कुटुंबांची देशभर एकत्रित, गोपनीयता जपणारी नोंद हवी. तिच्यात सीएजीची अखंड लांबी, सीएए आहे की नाही, आणि दरवर्षीचे न्यूरोफिलामेंट या तीन गोष्टी तरी असाव्यात. तिच्यासोबत मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये बोलणारे समुपदेशक असावेत. ज्यांच्या रक्तातून जनुक सापडले त्या माराकाइबोकाठच्या वस्त्या आजही दारिद्र्यात आहेत. २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतली काही कुटुंबे व्हॅटिकनला गेली, ती आपला आजार लपवायचा नाही हे जगाला सांगायला. आपल्याकडच्या कुटुंबांकडून नमुने घेताना, पुढे औषध आले तर ते त्यांना कोणत्या अटींवर मिळेल, हे संमतिपत्रातच लिहिलेले असले पाहिजे.